ताप कुणी बघायचा?

डेस्कटॉपवर एखादा जड गेम उघडला की कॅबिनेटमधला पंखा घोंघावायला लागतो. गेम बंद केला की थोड्या वेळात शांत होतो. आपण याला 'ऑटोमॅटिक' म्हणतो आणि विसरून जातो. पण या साध्या गोष्टीत तीन वेगळी कामं आहेत: ताप मोजणं, किती वारा हवा ते ठरवणं आणि त्याप्रमाणे पंखा फिरवणं. ही तिन्ही कामं माणसाकडून यंत्राकडे जायला काही शतकं लागली. मोजणं त्यातल्या त्यात लवकर जमलं. मोजून झाल्यावर निर्णय कुणी घ्यायचा, हा प्रश्न मात्र बराच काळ भिजत पडला होता, आणि मला या इतिहासात सगळ्यात जास्त रस त्याच प्रश्नात आहे.

सुरुवात कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने इंग्लंडमध्ये राहून अंडी उबवायची एक भट्टी बनवली. तिच्यात अल्कोहोल आणि पारा भरलेली नळी होती. ऊब वाढली की अल्कोहोल फुगायचं, पारा वर ढकलला जायचा आणि भट्टीची झडप मिटायची. हवा कमी पडली की आग मंदावायची. ऊब उतरली की हेच सगळं उलट व्हायचं. मोजणं, ठरवणं आणि करणं, तिन्ही त्या एका नळीत होतं.

मोठ्या इमारतींत मात्र हे काम माणूसच करत होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या कॉलेजात शिपाई वर्गावर्गात जाऊन किती गारठा आहे ते बघायचा, मग तळघरात उतरून गरम हवेच्या झडपा कमी-जास्त करायचा. शिकवताना दर थोड्या वेळाने दार उघडणार, शिपाई आत येणार. जॉन्सननी वर्गातला ताप विजेच्या तारेवरून तळघरात कळवणारं उपकरण तयार केलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. लक्षात घ्या, सुरुवातीला एवढंच झालं की तळघरात घंटी वाजू लागली. झडप फिरवणारा हात शिपायाचाच राहिला. आपल्या गोष्टीतला हा शिपाई पुढे पुन्हा भेटणार आहे.

आणखी एक अडचण वाफेच्या इंजिनांनी दाखवली. जेम्स वॉटने १७८८ मध्ये इंजिनाला गरगर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा नियंत्रक लावला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफेची झडप मिटायची. पण असे काही नियंत्रक एका जागी स्थिरावतच नसत. वेग वाढायचा, झडप गरजेपेक्षा जास्त मिटायची, वेग पडायचा, झडप जास्त उघडायची, आणि इंजिन हेलकावे खात राहायचं. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हे कधी होतं आणि कधी होत नाही याचं गणित मांडलं. आज पंख्याचा वेग दर क्षणाला वर-खाली होऊन डोकं उठवतो, तेव्हा तोच जुना आजार असतो. उपायही जुनाच: सुरू होण्याचा आकडा आणि बंद होण्याचा आकडा यांत थोडं अंतर ठेवायचं. घरातला फ्रीज तेच करतो.

कॉम्प्युटरला ताप जन्मापासून आहे. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याला अंदाजे १५० किलोवॅट वीज लागायची. ती सगळी शेवटी उष्णताच होत असल्याने ती बाहेर फेकायला मोठाले ब्लोअर होते. घरगुती यंत्रं आली तेव्हा हा प्रश्न काही वर्षं विसरल्यासारखा झाला. १९८१ च्या आयबीएम पीसीमधली ८०८८ चिप ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायची आणि तिच्यावर हीटसिंकसुद्धा नव्हतं. पंखा होता तो पॉवर सप्लायमध्ये, एकाच वेगाने फिरणारा.

पंख्याचा आवाज कुणालाच आवडत नव्हता, स्टीव्ह जॉब्जना तर मुळीच नाही. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश पंख्याशिवायच विकला गेला. गरम हवा आपोआप वर जाईल आणि फटींतून बाहेर पडेल, यावर त्याची भिस्त होती. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये अखेर पंखा आला. आवाज की ताप, यातलं काहीतरी एक सोसायचं, अशी ती निवड होती. पंखा एक तर आहे किंवा नाही. मधली पायरी अजून कुणी दिली नव्हती.

१९९३ साली पेंटियम आला आणि हीटसिंकवर पंखा बसवणं नेहमीचं झालं. चिपचा वेग वाढत गेला तसे पंखेही वाढत गेले. दोन हजारच्या दशकातले असेंबल्ड पीसी ज्यांनी पाहिलेत त्यांना तो आवाज आठवत असेल. आमच्याकडे उन्हाळ्यात कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून शेजारी टेबल फॅन लावायची पद्धत होती, आणि ती आमच्या एकट्याच्या घरातली नव्हती. शौकीन मंडळी याच्या पुढे गेली. १२ व्होल्टच्या पंख्याच्या तारा १२ आणि ५ व्होल्टच्या मध्ये जोडून तो ७ व्होल्टवर चालवायचा जुगाड जगभर प्रसिद्ध होता. कुणी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला फिरवायची बटणं बसवायचे. गेम सुरू करताना वाढवा, झोपताना कमी करा. जॉन्सनच्या कॉलेजातला शिपाई आता खुर्चीत बसला होता, एवढाच फरक.

हा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांत कळतं. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा साधारण निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि पंख्याला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे थोडा वारा सोडला की खूप शांतता मिळते. फक्त कधी सोडायचा ते कळलं पाहिजे.

कळण्याची सोय नव्वदच्या दशकात मदरबोर्डवर आली. नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम७८ ही चिप ताप, व्होल्टेज आणि पंख्यांचे फेरे मोजायची. पंख्याची तिसरी तार प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके पाठवते. ते मोजले की वेग कळतो. १९९८ च्या सुमारास लिनक्ससाठी एलएम-सेन्सर्स हा प्रकल्प सुरू झाला, त्याचं नावच या चिप्सवरून आलंय. विंडोजवर अल्फ्रेडो मिलानी कॉम्पारेट्टी या इटालियन प्रोग्रामरचा स्पीडफॅन घराघरांत पोचला. आता पडद्यावर आकडे दिसू लागले.

आकडा दिसणं आणि त्यावर वेळेत काही करणं यांत किती अंतर असू शकतं, ते २००१ मध्ये चव्हाट्यावर आलं. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक व्हिडिओ केला. गेम सुरू असताना चिपवरचं हीटसिंक सरळ उचलून काढायचं आणि बघायचं. पेंटियम ४ ने स्वतःचा वेग कमी केला आणि गेम रडतखडत चालू राहिला. पेंटियम ३ थिजला, पण वाचला. अ‍ॅथलॉन क्षणांत धूर सोडून गेले. त्यातल्या एकात तापमान सांगणारा डायोडही होता. पण तो फक्त सांगणार, वीज तोडायची बोर्डाने, आणि बोर्डाला खबर पोचून त्याने हालचाल करेपर्यंत उशीर झाला होता. पेंटियम ४ मध्ये मोजणारा आणि निर्णय घेणारा एकाच चिपमध्ये राहत होते, ड्रेबेलच्या नळीसारखे. जीव वाचवायचा निर्णय चिपच्या आतच हवा, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

मग पंख्याकडे काय उरलं? उरली ती शांतता. इंटेलच्या पुढाकाराने पंख्याला चौथी तार आली. व्होल्टेज कमी-जास्त करण्याऐवजी या तारेवरून पंख्याला भरभर चालू-बंदचे इशारे जातात, सेकंदाला साधारण २५,००० वेळा. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. माणसाच्या कानाला २०,००० च्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून मोटरची शीळ कानावर पडत नाही.

माझा सध्याचा डेस्कटॉप लिनक्सवर चालतो आणि नागपुरात राहतो. तिथे फॅनकंट्रोल नावाची स्क्रिप्ट आहे. तिची तयारी करून देणारा पीडब्ल्यूएम-कॉन्फिग हा प्रोग्राम एकेक पंखा थांबवतो आणि कुणाचे फेरे पडले ते पाहून कोणती दोरी कुणाची ते ओळखतो. मग तो आकडे विचारतो. पंखा सुरू व्हायला लागणारा जोर वेगळा आणि फिरता राहायला लागणारा जोर वेगळा. थांबलेल्याला जास्त धक्का लागतो. त्यानंतर दोन तापमानं: कितीपर्यंत पंखा सगळ्यात हळू आणि कितीला पूर्ण वेगात. प्रोग्राम स्वतः सुचवतो २० आणि ६०.

हे आकडे नागपूरच्या मे महिन्यासाठी लिहिलेले नाहीत. हवा खोलीइतकीच गार करू शकते. खोली ४० अंशांवर असेल तर रिकामी बसलेली चिप ५२ वर सहज असते, आणि २० ते ६० च्या पट्टीवर ५२ म्हणजे ८० टक्के रस्ता संपला. काहीही न करता पंखा बोंबलत राहणार. म्हणून मी ५० आणि ८० भरले. थंड देशातल्या खोलीत बसून ठरवलेला आकडा इकडे तपासून घ्यावा लागतो, हे ज्या पिढीने झाकण काढून टेबल फॅन लावला तिला कुणी वेगळं सांगायला नको.

ही स्क्रिप्ट नीट बंद झाली तर जाता जाता पंखे मूळ स्थितीत किंवा पूर्ण वेगात सोडून जाते. मध्येच कुणी जबरदस्तीने मारली तर पंखा शेवटच्या आकड्यावर अडकू शकतो. तरी मी निश्चिंत झोपतो, कारण फार तापलं तर चिप स्वतः मंदावेल, आणि त्यानेही भागलं नाही तर यंत्र बंद होईल. स्क्रिप्ट शांततेपुरतं बघते, जिवाचं चिप बघते.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यात बहुधा पंखा नाहीच. उन्हात धरलात तर तो पडदा मंद करेल, चार्जिंग थांबवेल, गेम अडखळायला लागेल. तो बिघडलेला नसतो. त्याने ताप मोजलेला असतो, आणि फिरवायला पंखा नसल्यामुळे तो स्वतःचं काम कमी करत असतो. त्याला सावलीत ठेवा. तेवढं एक काम अजून शिपायाकडे आहे.