सायकलीचा काळा रंग

जुनी सायकल घरीं रंगवावयास घेणाऱ्या गृहस्थास पहिल्याच दिवशीं एक चमत्कार दिसतो. ज्या रंगास तो आजवर जीर्ण म्हणत होता तो कांहीं केल्या निघत नाहीं. गंजलेल्या जागीं पापुद्रे सुटतात खरे; परंतु जेथें लोखंड शाबूत आहे तेथें कांचकागद झिजतो, बोटें सोलतात आणि काळें रोगण जागचें हालत नाहीं. पुढें तोच गृहस्थ बाजारांतून डबा आणून मोठ्या निगुतीनें दोन हात देतो, आणि वर्ष उलटण्यापूर्वीं त्या नव्या रंगाचे टवके उडूं लागतात. दोष त्याच्या कुंचल्याचा नसतो. पहिला रंग भट्टींतून निघालेला, दुसरा ओसरीवर वाळलेला. आणि या भेदाची कथा सायकलीहून सुमारें दोनशें वर्षांनीं जुनी आहे.

सतराव्या शतकांत चीन व जपान या देशांतून काळ्याभोर, आरशासारख्या झिलईच्या पेट्या युरोपांत येऊं लागल्या. त्यांवरील रोगण तिकडील एका वृक्षाच्या चिकाचें असे. हा चीक कोरड्या हवेंत वाळत नाहीं. दमट व उबदार जागींच तो कठीण होतो. तो वृक्ष युरोपांत नव्हता. तेव्हां नकलेवांचून गत्यंतर उरलें नाहीं. १६८८ मध्यें स्टॉकर व पार्कर या दोघांनीं ऑक्सफर्ड येथें या नकलेच्या कृति सांगणारा ग्रंथ छापला. त्यांतील काळ्या रोगणाचा पाया म्हणजे काजळ आणि मद्यार्कांत विरघळविलेली लाख. ही लाख हिंदुस्थानांतून जाई. म्हणजे जपानी वस्तूची इंग्रजी नक्कल आमच्या पळस-कुसुंबावरील किड्यांवर अवलंबून होती! हा छंद घरांघरांतून शिरला. खानदानी स्त्रिया भरतकामाच्या जोडीनें पेट्यांना रोगण देण्यास शिकूं लागल्या. घरीं बसून वस्तु रंगविण्याची हौस सायकलीबरोबर जन्मास आलेली नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

लोखंडी पत्र्यावर मात्र लाखेचा निभाव लागेना. वेल्समधील पाँटिपूल येथें, आणि पुढें बर्मिंगहॅम, बिल्स्टन व वुल्व्हरहॅम्प्टन या गांवीं निराळा मार्ग निघाला. खनिज डांबर, जवसाचें तेल व टर्पेंटाइन यांचें मिश्रण पत्र्यावर चढवावयाचें, भट्टींत भाजावयाचें, घांसावयाचें, पुन्हां चढवावयाचें. उष्णतेनें तेल व डांबर एकजीव होऊन धातूस घट्ट धरून बसतात. अखेरची झिलई स्त्रिया उघड्या तळहातानें घांसून आणीत. मुद्रणकलेंत ज्याचें नांव आजहि निघतें त्या जॉन बास्करव्हिलनें बर्मिंगहॅम येथें याच धंद्यांत पैसा मिळविला आणि तो छापखान्यांत ओतला. १७५७ मधील त्याची व्हर्जिलची आवृत्ति एका अर्थीं रोगणाच्या तबकांवर उभी आहे. असो. डांबर मुळांतच काळें. त्यांतून पांढरें वा पिवळें रोगण निघणें नाहीं. सायकल काळी कां, याचें उत्तर येथें आहे. भारदस्तपणा, मळखाऊपणा वगैरे कारणें मागाहून जोडलेलीं दिसतात.

१८४० नंतर विजेच्या साह्यानें चांदीचा मुलामा देण्याची युक्ति पसरली, आणि काळीं तबकें हळूहळू मागें पडलीं. भट्ट्या व कारागीर तेवढे उरले. जॉन मार्स्टन हा १८५१ मध्यें वुल्व्हरहॅम्प्टनच्या एडवर्ड पेरी या रोगणवाल्याकडे उमेदवारीस लागला. १८७१ मध्यें त्यानें पेरीचा कारखानाच विकत घेतला, आणि १८८७ मध्यें ‘सनबीम’ सायकली काढण्यास आरंभ केला. काळ्या रोगणावरील सोनेरी रेघांसाठीं त्या नांवाजल्या गेल्या. कारखान्याचें जुनें नांव होतें ‘जेडो’, म्हणजे टोकियोचेंच पूर्वींचें नांव. इतका दूरचा वारसा त्या सांगाड्यावर चढला होता.

त्याच सुमारास इंग्लंडांत घरगुती एनॅमलचे डबे घरोघर आले. ग्रोस्मिथ बंधूंनीं १८८८-८९ मध्यें ‘पंच’मधून जी विनोदी रोजनिशी चालविली तिचा नायक पूटर तांबड्या एनॅमलानें घरांतील कोळशाची बादली, पुस्तकांच्या पाठी, शेवटीं स्नानाचा टबहि रंगवितो, आणि ऊन पाण्यांत तो रंग सुटतांच आपण रक्तबंबाळ झालों असें समजून घाबरतो. विनोद सोडला तरी व्याधि तीच: रंग आहे, भट्टी नाहीं.

आमच्याकडे स्वातंत्र्यापूर्वीं बहुतेक सायकली विलायतेहून येत, त्या असे भाजलेले काळे सांगाडे घेऊनच. पुणें शहर पुढें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाऊं लागलें, तेव्हां वाड्यांच्या बोळांत त्यांचीच गर्दी असे. खंडेनवमीस पूजावयाची सायकल साजरी दिसावी म्हणून तिला नखशिखांत खरवडणाऱ्या उत्साही माणसास माझा विरोध आहे. पुसून तेलाचें बोट फिरवितांच बरेंच जुनें रोगण पुन्हां झळकतें, आणि हातानें ओढलेल्या सोनेरी रेघा एकदां गेल्या कीं गेल्या. गंजापुरतेंच खरवडावें, तेथें तांबडें अस्तर द्यावें, त्यावर काळ्याचे पातळ हात द्यावे, आणि प्रत्येक हात पुरता वाळूं द्यावा. आजच्या कारखान्यांत डांबराचें रोगण नाहीं. रंगाची कोरडी पूड उडवून ती भट्टींत वितळवितात, त्यामुळें वाटेल तो रंग निघतो. घरीं रंगविणारा मात्र पूटरच्याच जागीं उभा आहे. शेवटच्या हातानंतर सायकल चार आठवडे भिंतीशीं टेकून ठेवण्याचा धीर त्याला धरावा लागतो.