रणांगणावरील जखम आणि दप्तरातील नोंद

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसांची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा आपल्या ज्ञातीतील जुन्या घराण्यांच्या सनदांविषयी लिहावे असे आमच्या मनात होते. परंतु मागील सालच्या कार्तिकी यात्रेत, आळंदी माणसांनी फुलून गेलेली असता, एक वयोवृद्ध ज्ञातिबंधू पत्र्याची ट्रंक नातवाच्या डोक्यावर देऊन आमच्या ओसरीवर आले आणि आमचा विषय बदलला. गावात त्यांस सर्वजण फौजी आबा म्हणतात. नाव येथे देत नाही, कारण तशी त्यांची इच्छा आहे.

ट्रंकेतून त्यांनी आपले डिस्चार्ज बुक काढले. कापडात गुंडाळलेले, कडा झिजलेले. पण अक्षर न् अक्षर शाबूत. पदकांच्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, इथं एक ओळ पायजे व्हती, ती न्हाई."

प्रकार असा. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी जे युद्ध झाले, त्याची तीन पदके सरकारने पुढे काढली. पूर्वेकडील रणक्षेत्रात जे होते त्यांस पूर्वी स्टार, पश्चिमेकडील रणक्षेत्रात जे होते त्यांस पश्चिमी स्टार, आणि त्या काळी सैन्यात सेवेत असल्याबद्दल संग्राम मेडल. फौजी आबा पश्चिम आघाडीवर खंदकात होते. त्यांच्या पुस्तकात संग्राम मेडल आहे. पश्चिमी स्टार नाही. म्हणजे कागद असे सांगतो की हा मनुष्य युद्धकाळी नोकरीत होता खरा, पण युद्धात नव्हता! कारण विचारता कळले की त्या दिवसांत त्यांस तात्पुरते दुसऱ्या पलटणीस जोडून दिलेले होते. मूळ पलटणीची यादी झाली तेव्हा ते तेथे हजर नव्हते. दुसऱ्या पलटणीची यादी झाली तेव्हा ते तेथे पाहुणे होते. दोन्ही कारकुनांनी आपापल्या परीने बरोबरच लिहिले, आणि दोन बरोबर याद्यांच्या मधून आमचे आबा गळून पडले.

आमचा सारा जन्म शाळेच्या जनरल रजिस्टरावर गेला. आईबापांस मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली की आम्ही खुशाल १ जून लिहीत असू. ती तारीख पुढे त्या मुलाच्या नोकरीस, निवृत्तीस आणि मृत्यूच्या दाखल्यासही चिकटून राही. तेव्हा लेखणीच्या एका ओढीचे वजन किती, हे आम्हांस नव्याने शिकावयास नको होते. तरीही ती रिकामी जागा पाहून आम्ही क्षणभर गप्प झालो.

मराठी मुलुखास हे दुःख नवे नव्हे. पेशवाईत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलालेकरांस बालपरवेशी म्हणून नेमणूक वा जमीन करून देत, आणि तिची नोंद दप्तरी ठेवीत. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने घरोघरी सनदा मागितल्या. ज्याच्या घरी कागद होता त्याचे इनाम राहिले. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला वा पुरात गेला, त्याच्या पणजोबाने रक्त सांडले होते की नव्हते, हे विचारण्याचे कमिशनास कारण नव्हते. ‘कागद दाखवा’ हे वाक्य तेव्हापासून आपल्या कानांस परिचयाचे आहे.

युद्धातील शौर्यपदकाची गोष्ट तर याहून नाजूक. शिपायाने पराक्रम केला म्हणजे पदक मिळते, असा भोळा समज आपल्याकडे असतो. वस्तुतः पराक्रम घडावा लागतो, तो कोणीतरी पाहावा लागतो, पाहणारा जिवंत परतावा लागतो, आणि त्याचा शब्द अधिकाऱ्याने कागदावर उतरवून वर पाठवावा लागतो. तो कागद पलटणीतून ब्रिगेडकडे, ब्रिगेडकडून डिव्हिजनकडे असा चढत जातो. या शिडीची एक पायरी निसटली तरी पराक्रम तेथेच राहतो.

दुसऱ्या महायुद्धातील इटलीचे उदाहरण घेऊ. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी आपल्या नगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतील निरोप्या, यांनी खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक सुरक्षित जागी आणले, आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या. त्याच वर्षी त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. आता त्याच इटलीत, अवघे तीन-चार दिवस आधी, व्हियारेजिओजवळ अमेरिकेच्या सैन्यातील व्हर्नन बेकर नावाच्या कृष्णवर्णीय लेफ्टनंटने असाच पराक्रम केला. त्यास खालच्या दर्जाचे पदक मिळाले. परंतु मेडल ऑफ ऑनर हा त्या देशाचा सर्वोच्च मान त्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकास मिळाला नव्हता. पुढे अभ्यासकांकडून जुनी दप्तरे तपासविण्यात आली, आणि १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात कृष्णवर्णीय वीरांस ते पदक दिले. सातांपैकी सहा मरून गेले होते. एकटे बेकर हयात होते. बावन्न वर्षे! एका इंग्रजी पुस्तकात हा वृत्तान्त वाचला तेव्हा आमच्या मनात आले, नामदेव जाधवांच्या मागे जशी साक्ष आणि लेखणी उभी राहिली, तशी त्या सहांच्या मागे वेळेवर का राहिली नाही? उत्तर कातडीच्या रंगात होते, हे त्या देशानेच शेवटी कबूल केले. (व्हिक्टोरिया क्रॉसही हिंदी शिपायांस १९११ पर्यंत खुला नव्हता, हे येथे लक्षात ठेवावे. त्यापूर्वीच्या मराठा शिपायाने काहीही केले असते, तरी त्या रकान्यात त्याचे नाव जाणे शक्यच नव्हते.)

आणि काही वेळा तर कोणाचाच दोष नसतो. १९४० साली लंडनवर पडलेल्या जर्मन बाँबमुळे पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या नोंदींचा मोठा भाग जळून गेला. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस येथील दप्तरखान्यास आग लागून एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली भस्म झाल्या. त्या म्हाताऱ्यांनी आपण लढलो हे सिद्ध करावे ते कशाने?

परंतु आम्हांस ज्या गृहस्थाविषयी विशेष सांगावयाचे आहे, ते दूरदेशीचे नव्हेत; आपल्या या पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्याशी त्यांचा जवळचा संबंध आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर भागातून आलेले मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या ई.एम.ई. म्हणजे विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात जवान होते. अंगाने बळकट, मुष्टियुद्धात तरबेज. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांस नऊ गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्याजवळ अडकली ती काढता आली नाही, आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात दीर्घकाळ उपचार चालले. पाण्यात व्यायाम करावा असा सल्ला मिळाला, आणि मुष्टियोद्धा जलतरणपटू झाला!

१९७० साली एडिंबरो येथे पक्षाघातग्रस्तांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदक मिळविले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्याच प्रकारात ३७.३३ सेकंदांत अंतर कापून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांच्या परदेशप्रवासास साहाय्य केले होते. ऑलिंपिक वा पॅरालिंपिक यांत भारतीयाने मिळविलेले हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. ज्या क्रीडामहोत्सवात ते मिळाले त्याचा उगमही रणांगणातच आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. डॉ. लुडविग गुटमान यांनी इंग्लंडातील स्टोक मँडविल रुग्णालयात, कण्यास इजा झालेल्या सैनिकांसाठी १९४८ साली या स्पर्धा सुरू केल्या. पहिल्या वर्षी स्पर्धक अवघे सोळा. म्हणजे जखमी जवान पेटकर हे काही भलत्या मैदानात शिरले नव्हते. ते मैदान त्यांच्यासारख्यांसाठीच आखलेले होते.

पण आपल्या देशाच्या क्रीडादप्तरात या जखमी जवानासाठी रकानाच नव्हता. हायडेलबर्गच्या स्पर्धांस त्या वेळी अधिकृत नाव आंतरराष्ट्रीय स्टोक मँडविल क्रीडास्पर्धा असेच होते. पॅरालिंपिक हे नाव पुढे रूढ झाले. वृत्तपत्रे म्युनिकच्या ऑलिंपिककडे डोळे लावून बसली होती. पदक घेऊन पेटकर परतले, पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी करू लागले, आणि विस्मृतीत गेले. सकाळच्या पाळीला जाणाऱ्या हजारो कामगारांत एक मनुष्य असा होता की ज्याच्या कण्याजवळ शत्रूची गोळी आणि घरी जागतिक विक्रमाचे सुवर्णपदक होते. शेजारच्या यंत्रावरील किती जणांस हे ठाऊक असेल?

१९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. अपंगत्व हे कारण आपणांस सांगितले गेले, असे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखविले. ज्या जखमेबद्दल देशाने मान तुकवावी, तीच जखम अपात्रतेचे कारण ठरली! त्यानंतर त्यांनी पदके आणि कात्रणे बाजूस ठेवली. २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी ऑलिंपिकचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले तेव्हा देशभर योग्य तो जयजयकार झाला. त्या जयजयकारात हायडेलबर्गचे नाव काढणारे थोडेच होते. मग २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्यांच्या चरित्रावर ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट निघाला. (आम्ही चित्रपट पाहणारे नव्हे, नातवाच्या आग्रहाने गेलो आणि उपरण्याने डोळे पुसत बाहेर आलो.) अखेर जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांस जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार देण्यात आला. अर्जानंतर त्रेचाळीस वर्षांनी, गोळ्या लागल्यानंतर साठाव्या वर्षी.

कोणी म्हणेल, हा तर खेळाचा पुरस्कार, युद्धाचा नव्हे. आम्हांस हा भेद फारसा पटत नाही. गोळी सियालकोटची, पोहणे त्या गोळीमुळे, आणि नकारही त्या गोळीमुळेच. शिवाय त्यांनी मागितले ते दान नव्हते. घडले ते घडले असे लिहा, एवढेच मागितले.

सैनिकांस आता दाद मागण्याचा एक मार्ग आहे तो सांगितला पाहिजे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण निर्माण झाले, २००९ पासून ते चालू आहे, आणि मुंबईसही त्याचे पीठ आहे. कारगिल युद्धात बटालिक भागात ब्रिगेडचे नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांनी आपल्या कामगिरीची नोंद विपर्यस्त झाल्याची तक्रार तेथे नेली. त्यांस युद्धपदक न मिळता विशिष्ट सेवा पदक मिळाले होते. २०१० साली न्यायाधिकरणाने त्यांची बाजू मानून अधिकृत वृत्तान्त दुरुस्त करण्यास सांगितले. ब्रिगेडियरास अकरा वर्षे लागली. नाईकास किती लागावीत, याचा हिशेब वाचकांनी करावा. अर्थात प्रत्येक रिकाम्या ओळीसाठी न्यायाधिकरणापर्यंत जावे लागते असे नव्हे. प्रथम आपल्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घ्यावे.

फौजी आबांचा अर्ज आम्ही असाच लिहिला. चार महिन्यांनी संबंधित कार्यालयाचे उत्तर आले की मूळ पलटणीच्या यादीत नाव नाही, सबब मागणी मान्य करता येत नाही. हे तर आम्हीच अर्जात लिहिले होते! दुसरा अर्ज केला. त्यात जोडणीचे दिवस, खंदकाचे ठिकाण आणि तेथल्या हवालदाराचे नाव घातले. तेव्हा उत्तर आले की त्या वेळी सोबत असलेल्या सैनिकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे. चौपन्न वर्षांनी सोबती शोधावयाचा! आबांस तिघांची नावे आठवत होती. दोघे निवर्तले होते. तिसरे फलटण तालुक्यात आपल्या मुलाकडे असल्याचे कळले, तेव्हा एस.टी.ने आम्ही दोघे गेलो.

ते गृहस्थ अंथरुणावर होते. नजर गेलेली. आबांनी हात धरून पलटणीचे नाव सांगितले, तरी काही वेळ ओळख पटेना. मग आबांनी खंदकातील थंडीत दोघांत मिळून पांघरलेल्या एका घोंगडीची गोष्ट काढली. म्हातारा एकदम म्हणाला, "ती माझी घोंगडी तूच हरवलीस रे!" आणि दोघेही हसू लागले, रडूही लागले. प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेतला. वकिलाने त्याचे शुल्क घेतले नाही.

तिसरा अर्ज प्रतिज्ञापत्रासह श्रावणात स्पीड पोस्टाने रवाना झाला. पोचपावती आमच्या कपाटात आहे. दर सोमवारी आबा चाकणच्या रस्त्याने काठी टेकीत येतात, ओसरीवर बसतात आणि विचारतात, "गुरुजी, टपाल?" या स्मरणिकेचा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत तरी उत्तर आलेले नाही.