व्यक्तिनाम आणि आयुष्य : ग्वाल्हेरचा मराठी समाज

बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानाशी ‘कुर्र’ करून उच्चारलेले, आणि पुढे शाळेच्या पटावर, मिळकतीच्या कागदावर व अखेर मृत्यूच्या दाखल्यावर चढणारे नाव मनुष्याच्या आयुष्याला कितपत वळण लावते, हा प्रश्न जुना आहे. अवकहडा चक्रावरून, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून, निघालेले आद्याक्षर पत्रिकेतील नावापुरते पाळावे आणि व्यवहारनाव मात्र घरच्यांच्या पसंतीने ठेवावे, असा आपल्याकडील प्रघात असल्यामुळे, अक्षराच्या शुभाशुभावर ज्यांची श्रद्धा होती त्यांनीही सबंध आयुष्य त्याच्या हवाली केले नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही. नाव कोणी दिले, कोणत्या हक्कासह दिले आणि ते कोणत्या दप्तरी चढले, यांवरच त्याचा प्रभाव मुख्यतः अवलंबून असतो. आणि याचे दाखले शिंद्यांच्या ग्वाल्हेरइतके ठळक अन्यत्र क्वचितच आढळतील.

दौलतराव शिंदे १८२७ मध्ये निपुत्रिक वारल्यानंतर त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी मुगुटराव नावाच्या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजीराव ठेवले. हे नाव पानिपताच्या रणात सापडून प्राणास मुकलेल्या जनकोजीचे. म्हणजे दत्तविधानाच्या होमाबरोबर त्या मुलाच्या अंगावर एका पराक्रमी पूर्वजाची झूल चढविली गेली. बाईंची अपेक्षा अशी की नाव मुलाचे चालावे आणि शिक्का आपला. पण गादीवरच्या नावाभोवती माणसे जमतातच, आणि १८३३ मध्ये त्याच जनकोजीरावाच्या नावाने फौजेने उठाव केला व बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. जनकोजीरावही १८४३ मध्ये निपुत्रिकच गेले. त्यांच्या विधवा पत्नी ताराबाईंनी भगीरथराव या बालकास दत्तक घेतले, तेच जयाजीराव. येथेही नागोरच्या छावणीत १७५५ मध्ये मारेकऱ्यांना बळी पडलेल्या जयाप्पांचे स्मरण होते. मुगुटराव आणि भगीरथराव ही दोन नावे यापुढे वंशावळीच्या तळटीपेत उरली, आणि ती धारण करणाऱ्या मुलांचे पूर्वायुष्यही बहुधा तेथेच संपले.

जयाजीरावांचे पुत्र माधवराव शिंदे यांनी आपल्या अपत्यांची नावे ठेवताना पूर्वजांबरोबर सार्वभौम सत्तेचेही स्मरण केले. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून मुलगा जॉर्ज जिवाजीराव व मुलगी मेरी कमलाराजे झाली. संस्थानिकाच्या नामकरणात इतकी उघड राजनीती क्वचितच दिसते. पण उसने आणलेला हा भाग टिकला नाही : १९६४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ केवळ जिवाजींच्या नावाने चालते, आणि मुलींच्या महाविद्यालयाच्या पाटीवर नुसते कमलाराजा आहे. पुढे जिवाजीरावांनी १९४५ मध्ये जन्मलेल्या पुत्रास आजोबांचे माधवराव हे नाव देऊन जुनी रीत राखली; १९७१ मध्ये जन्मलेल्या नातवाच्या, ज्योतिरादित्यांच्या, वेळी मात्र पूर्वजांच्या नावांचा हा क्रम सुटला आणि नव्या संस्कृतप्रचुर नावांचा जमाना राजवाड्यातही शिरला.

स्त्रियांच्या बाबतीत दत्तकाचे काम विवाह करीत असे. तबकात तांदूळ पसरून, सोन्याच्या अंगठीने त्यांत वधूचे नवे नाव कोरावयाचे, वराने ते तिला सांगावयाचे आणि जमलेल्यांस पेढे वाटावयाचे. एवढ्यावर वीस-बावीस वर्षांची हाक बदलून जाई. नेपाळच्या राणा घराण्याशी मातृसंबंध असलेल्या लेखा दिव्येश्वरी देवी १९४१ मध्ये जिवाजीरावांशी विवाह होऊन विजयाराजे झाल्या, आणि १९५७ पासून लोकांनी मते दिली ती याच नावाला. येथे नव्या नावाने कर्तृत्वास वाव मिळाला खरा. परंतु ज्या असंख्य घरांत ते केवळ स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले, त्यांचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही.

जन्मनावांकडे वळता, दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवण्यामागे मूल जगावे ही तळमळ असे. ‘नकुशा’ या नावामागे मात्र मुलगीच नको होती. सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींचे २०११ मध्ये जाहीर समारंभाने पुन्हा नामकरण झाले. हाक मारताक्षणी आपण नकोशा होतो हे ज्या मुलीला प्रत्यही ऐकावे लागते, तिच्यावरील परिणामाला अन्य पुरावा कशाला हवा? याउलट, आधीचे मुलगे दगावल्यामुळे नाकात नथ घालून वाढविलेल्या रामचंद्र गोडसेचा ‘नथुराम’ झाला, यावरून त्याने केलेल्या गांधीहत्येचा उलगडा करू पाहणारे लेखन प्रस्तुत लेखकास उथळ वाटते. तशा नथी महाराष्ट्रात हजारो मुलांनी घातल्या होत्या.

पाश्चात्त्य संशोधनातही असेच दोन प्रवाह दिसतात. नावाच्या आद्याक्षराशी जुळणारा व्यवसाय माणूस नकळत निवडतो, हे २००२ मधील प्रतिपादन युरी सायमनसोन यांनी २०११ मध्ये बरेच खिळखिळे केले. उलट, बर्ट्रंड व मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकसारख्याच पात्रतेच्या अर्जांपैकी गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. भारतात थोरात व ॲटवेल यांनी २००७ मध्ये आडनावांवरून असाच भेद दाखविला.

आता पुन्हा ग्वाल्हेरकडे. तेथील सिटी सेंटर भागातील महानगरपालिकेच्या मुख्यालयास राजकारणी नारायण कृष्ण शेजवलकर यांचे नाव आहे. त्यांचे पुत्र विवेक नारायण शेजवलकर याच शहराचे महापौर व खासदार झाले. पित्याचे नाव मधोमध वागविण्याची ही मराठी तऱ्हा हिंदी मुलखातही पिढ्यान्‌पिढ्या शाबूत आहे. घरगुती नावाने तिच्यावर मात केल्याचा नामांकित दाखला गायकाचा : बाळकृष्ण आनंदराव आष्टेकर हे संगीताच्या जगात राजाभैया पूंछवाले म्हणूनच ओळखले गेले, आणि त्यांत वडिलांचे नाव व आडनाव दोन्ही गळाले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात पित्याच्या आधी आईचेही नाव लिहिणे सक्तीचे केले असून, मध्य प्रदेशात जन्मणाऱ्या मराठी मुलांना हा नियम लागू नाही.