रुपयाची धारण

कुलाबा जिल्ह्याचे १८८३ सालचे गॅझेटियर चाळू लागले म्हणजे धान्याच्या भावांचे कोष्टक दृष्टीस पडते. त्यात भाव आजच्या रीतीने दिलेले नाहीत. एका रुपयास धान्य किती पौंड मिळे, असा हिशेब मांडला आहे. बाजारची बोलीही तीच होती. धारण विचारावयाची ती रुपयास किती पायल्या, अशी. आता माप स्थिर असते आणि रुपये वाढतात. तेव्हा रुपया स्थिर असे आणि माप आटे. हा केवळ बोलण्यातला फरक होय असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र गृहिणीच्या दृष्टीने जुनी रीतच अधिक खरी वाटते. कारण महिन्याचा रुपया ठरलेला, खाणारी तोंडेही ठरलेली, आणि उणे पडावयाचे ते पातेल्यातले धान्य.

महाड ही सावित्रीच्या खाडीवरची जुनी पेठ. मुंबईचा माल गलबतांतून दासगावापर्यंत व पुढे महाडास येई. घाटमाथ्यावरचा माल वरंध्याने किंवा पोलादपूरच्या बाजूने उतरे. पाऊस लागला की समुद्रावरची गलबते बंद. म्हणून मृगापूर्वीच तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, चिंच, आमसुले यांची बेगमी करण्याची चाल पडली. महागाईवरचा हा घरगुती उपाय खरोखर उत्तम. पण वैशाखात ज्याच्या गाठीस रोकड असेल त्याच्यापुरताच. पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्या कुटुंबाची कणगी आषाढात रिकामी होई. मग सावकाराकडून वाढीदिढीने दाणे आणावयाचे. म्हणजे धान्य सर्वांत महाग असता घ्यावयाचे आणि सुगीला, ते सर्वांत स्वस्त झाले असता, सवाई किंवा दीडपट मोजून द्यावयाचे. एकाच पेठेत एकाची बेगमी आणि दुसऱ्याचे कर्ज अशी ही दुहेरी धारण चाले.

आणि पदरी पैसा असूनही ज्यास माल मिळत नसे, त्याची धारण कोणत्या कोष्टकात घालावी? मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाडास परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, आणि तेही चवदार तळे गावात भरलेले असता. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद झाली, तेव्हा गावच्या व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारल्यामुळे शिधा बाहेरून आणावा लागला. काटकसरीचे धडे लिहिणारे लोक या गोष्टीचा उल्लेख क्वचितच करतात.

या दोन्ही तालुक्यांतील कितीतरी घरांचा वाणसौदा मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाले. दुसरे महायुद्ध सुरू होताच भाव चढले आणि मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांनी महागाईभत्त्यासाठी मोठा संप केला. पुढे हा भत्ता मुंबईतील राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. त्यात एक मौज आहे, तिला मौज म्हणवत नाही इतकेच : निर्देशांक मोजला जाई तो मुंबईच्या दुकानांतला, चूल मात्र पोलादपुरास.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. भाताच्या मुलखास हा घाव वर्मी बसला. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. भातावर वाढलेल्या चाकरमान्याच्या पिशवीत गहू व जाडेभरडे धान्य पडू लागले. ऑगस्ट १९३९ चे घाऊक भाव १०० धरले तर १९४३-४४ मध्ये ते २३६ वर गेले होते. सुटी नाणीसुद्धा दुर्मिळ झाली. तांबे वाचविण्यासाठी सरकारने मध्ये भोक असलेला पैसा काढला. गावाकडे तोड एकच होती : भाताऐवजी पेज, तांदळाऐवजी नाचणी, आणि पानावर सर्वांच्या मागून बसणाऱ्या बाईच्या वाट्यास जे उरेल ते. घराचा जमाखर्च जुळे तो बहुधा या शेवटच्या पानावर; चोपडीत त्याची नोंद नसे.

डिसेंबर १९४७ मध्ये धान्यावरील नियंत्रणे उठविण्याचे धोरण आले. साठेबाजांचा माल बाहेर येईल व भाव उतरतील, ही आशा. झाले उलट. नोव्हेंबरात ३०२ असलेला निर्देशांक जुलै १९४८ मध्ये ३९० च्या घरात गेला आणि सप्टेंबरात नियंत्रणे पुन्हा लादावी लागली. रेशनच्या रांगेस कंटाळलेला मध्यमवर्ग नियंत्रणे उठताच हरखला होता. नऊ महिन्यांत तोच रांग परत मागू लागला.

पुढे १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली आणि मुंबईच्या रस्त्यांवर बायका लाटणी घेऊन निघाल्या. स्वयंपाकघरात मुकाट्याने जुळविला जाणारा हिशेब असा प्रथमच मोठ्या संख्येने सरकारच्या दारी नेऊन मांडला गेला.