‘गर्म हवा’ आणि मराठवाड्याची न सांगितलेली गोष्ट

फाळणीनंतर पंचवीस वर्षे हिंदी सिनेमाने त्या जखमेवर बोट ठेवणे बहुतेक टाळलेच. एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’ने ते ठेवले. इस्मत चुगताईंच्या अप्रकाशित कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी पटकथा लिहिली. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने अडीच लाखांचे कर्ज दिले. दंगली भडकतील या भीतीने सेन्सॉरने चित्रपट काही महिने अडवून धरला. १९७४ मध्ये तो आधी बंगलोरला लागला. मुंबईतील प्रदर्शनाला बाळासाहेब ठाकरे यांचा विरोध होता. त्यांना चित्रपट दाखवल्यावर तो मावळला, असे सथ्यूंनी पुढे सांगितले आहे.

त्याच काळात कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ आणि मणी कौल यांचा ‘दुविधा’ हे संथ चित्रपट आले होते. १९७४ च्या एका लेखात सत्यजित राय यांनी या चित्रपटांची एकत्र समीक्षा केली. शहानी-कौल यांची शैली त्यांना रुचली नाही. ‘गर्म हवा’च्या विषयातील धाडसाची मात्र त्यांनी दखल घेतली. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो कान महोत्सवातही गेला. तरीही दोन आक्षेप राहिलेच: गती संथ आहे, आणि शेवटी नायक मोर्चात सामील होतो हा तोडगा फार सोपा आहे.

दुसरा आक्षेप मान्य करता येईल. पहिला मात्र मान्य होत नाही. आग्र्याचे सलीम मिर्झा (बलराज सहानी) पुन:पुन्हा स्टेशनवर आप्तांना निरोप द्यायला जातात. भाऊ जातो, मुलगा जातो. बँक कर्ज नाकारते, घर भाड्याने मिळत नाही, हवेली हातची जाते. म्हातारी आई हवेली सोडायला तयार होत नाही. माणूस आपल्याच गावात एका दिवसात परका होत नाही. तो हळूहळू होतो. म्हणून चित्रपटही हळूहळू चालतो.

आता प्रश्न आपला. उत्तरेच्या फाळणीला ‘गर्म हवा’ मिळाला. नांदेड-लातूरच्या १९४८ ला काय मिळाले? रझाकारांनी हिंदू जनतेवर केलेले अत्याचार नाकारण्याचे कारण नाही. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करीत होता. पण १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची फौज शरण आल्यानंतर सूड उगवला गेला तो ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमानांवरही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात दौरा केला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. या चार जिल्ह्यांत किमान अठरा हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदूंचीही, विशेषतः विणकरांची, तिने नोंद केली. हा अहवाल दशकानुदशके दप्तरात बंद राहिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो २०१३ मध्ये अभ्यासकांसाठी खुला झाला.

श्याम बेनेगल यांचे ‘अंकुर’ (१९७४) आणि ‘निशांत’ (१९७५) याच संस्थानातील सरंजामशाही दाखवतात. ‘पुलिस ॲक्शन’नंतरची मराठवाड्यातील मुस्लिम घरे मात्र त्यांच्या चौकटीबाहेर राहतात. आपल्या घरांतही तो विषय निघाला की वडीलधारी मंडळी बोलणे बदलत आली.

‘गर्म हवा’ बोलू शकला, कारण आधी इस्मत आपांनी कथा लिहिली होती. कॅमेरा नंतर आला, कागद आधी. अहवालात आकडे आहेत; स्टेशनवर थांबलेला माणूस, हवेली न सोडणारी आजी आणि दार उघडून आत घेणारा शेजारी त्यात दिसत नाहीत. ते आपल्या आजी-आजोबांच्या आठवणींत होते. त्यांतले बहुतेकजण आता हयात नाहीत. उरलेल्यांकडून ऐकून मराठीत लिहून ठेवणे हे मराठवाड्यातील मुस्लिम लेखकांचे काम आहे. ते लिखाण उदास वाटेल, संथही वाटेल. त्याला इलाज नाही.