वेबस्टर म्हणजे विणकरीण

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेताच्या वाटेवर मोबाइल कानाला लावून. आज आम्ही तुम्हाला एका आडनावाची गोष्ट सांगणार आहोत. आडनाव आपल्याकडचं नाही, इंग्लंडचं आहे. पण गोष्ट बाईच्या कामाची आहे, म्हणून ती आपलीही आहे.

झालं असं, की एका गटाच्या मासिक बैठकीला एक ताई आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हातात जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, त्यावर नाव होतं वेबस्टर. शेजारच्या आजींनी विचारलं, "हे वेबस्टर म्हणजे काय गं?" पोरगी म्हणाली, "शब्दकोश करणाऱ्याचं आडनाव आहे." आजी म्हणाल्या, "ते कळलं. पण त्याचा अर्थ काय?" कुणालाच सांगता येईना. आम्हालाही नाही. मग आम्ही शोधलं, आणि जे सापडलं ते ऐकून आजीच काय, सगळा गट चकित झाला. वेबस्टर म्हणजे विणकरीण!

ज्याच्या नावानं तो शब्दकोश ओळखला जातो तो नोआ वेबस्टर अमेरिकेतला. जन्म 1758 चा. 1828 साली त्यानं सुमारे 70,000 शब्दांचा मोठा कोश छापला. पण त्याचं आडनाव त्याच्याहून कितीतरी शतकं जुनं आहे.

आपण शब्द उसवून बघू. जुन्या इंग्रजीत 'वेब' म्हणजे विणलेलं कापड. कोळ्याच्या जाळ्यालाही तोच शब्द, कारण कोळीही विणतोच. आणि मागे जे 'स्टर' लागलंय ते काम करणाऱ्या बाईला लावायचं शेपूट होतं. आपण नाही का शिंप्याची शिंपीण म्हणत, माळ्याची माळीण म्हणत, तसंच. पाव भाजणारा तो बेकर, भाजणारी ती बॅक्स्टर. जवाची 'एल' नावाची दारू गाळणारा तो ब्रूअर, गाळणारी ती ब्रूस्टर. सूत कातणारी ती स्पिन्स्टर. यातली वेबस्टर, बॅक्स्टर, ब्रूस्टर ही आजही आडनावं आहेत.

आता ही नावं आडनावं कशी झाली? इंग्लंडमध्ये हजार वर्षांपूर्वी साध्या माणसाला आडनाव नव्हतं. 1066 साली नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला, त्यानंतर हळूहळू पिढीजात आडनावं आली. साधारण 1400 पर्यंत बहुतेकांना ती चिकटली. गावात जॉन नावाचे पाचजण असले, तर ओळखायचे कसे? एकाला त्याच्या गावावरून, एकाला बापाच्या नावावरून, एकाला दिसण्यावरून, तर एकाला धंद्यावरून. आपल्याकडे सुतार, कुंभार अशी आडनावं आहेत, तसंच तिकडचं स्मिथ म्हणजे लोहार. सरकारला कर वसूल करायचा, तर यादी लागतेच. 1377, 1379 आणि 1381 साली माणशी पट्टी बसवली गेली. यॉर्कशर भागातल्या 1379 च्या याद्यांत तर माणसाच्या नावाबरोबर त्याचा धंदाही बऱ्याच ठिकाणी लिहिलेला आहे. कागदावर एकदा नाव चढलं, की ते पोराबाळांना लागतं. हे आपल्याला सांगायला नको.

विणकराच्या धंद्यावरून इंग्लंडमध्ये वेगवेगळी आडनावं पडली. दक्षिणेकडे आणि मध्यभागात वेब, नैऋत्येकडे वेबर, आणि उत्तरेकडे वेबस्टर. यॉर्कशर, लँकाशर आणि वर स्कॉटलंड या भागांत वेबस्टर हे आडनाव पुष्कळ आढळतं. लोकरीच्या कापडाचा धंदा तिकडे जोरात होता, माग घरोघरी होते. पुढे माणसं अमेरिका, ऑस्ट्रेलियाला गेली, त्यांच्याबरोबर आडनावही गेलं.

इथे एक गोष्ट खरी खरी सांगायला हवी. प्रत्येक वेबस्टर घराण्याच्या मुळाशी एक विणकरीण होती, असं नाही. आडनावं पक्की होईपर्यंत उत्तरेकडे पुरुष विणकरालाही वेबस्टरच म्हणू लागले होते. 'स्टर' हे बाईचं शेपूट आहे हे लोक हळूहळू विसरले. इतके विसरले, की शिवणकाम करणारीला जो 'स्टर'चा शब्द होता, त्याला पुढे आणखी एक बाईपणाचं शेपूट जोडलं. म्हणजे आपण शिंपीण म्हणायचं विसरून 'शिंपिणीण' म्हणावं, तसं! शब्द राहिला, पण त्यातली बाई दिसेनाशी झाली.

आणि नुसत्या शब्दातून नाही, कामातूनही बाई गेली. हे ऐका नीट. ब्रूस्टरचंच बघा. आपण दारूबंदीसाठी लाटणं घेऊन निघणाऱ्या बायका, पण तिकडे तेव्हा एल ही रोजच्या जेवणातली गोष्ट होती. 1300 च्या आसपास ती बहुतेक बायकाच घरी करायच्या. घरापुरती ठेवून उरलेली शेजारी विकायच्या. दर आणि दर्जा सरकारनं ठरवलेला, चुकलं की दंड, आणि दंडाच्या वह्यांत त्यांची नावं. म्हणून तर आज आपल्याला त्या माहीत झाल्या. पण एल थोड्याच दिवसांत आंबायची. पुढे हॉप नावाच्या वेलीची फुलं घालून केलेली बिअर आली, ती टिकायची, लांब पाठवता यायची. मग मोठी भांडी, मोठं भांडवल, उधारी, संघटना, परवाने आले. भांडवल आणि परवाना कुणाच्या हाती? पुरुषांच्या. 1600 पर्यंत या धंद्यात बायका फार थोड्या उरल्या.

विणकामातही तेच. 1461 साली ब्रिस्टल शहरात विणकरांसाठी नियम झाला, की कुणी आपल्या बायकोला, मुलीला किंवा मोलकरणीला मागावर बसवू नये. कारण काय दिलं? पुरुषांना काम मिळत नाही! ज्या कामाला बाईच्या नावाचा शब्द होता, त्याच कामातून तिला उठवलं.

कातणारीच्या वाट्याला तर वेगळंच आलं. स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. पण सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदावर त्या शब्दाचा अर्थ झाला 'बिनलग्नाची बाई'. लग्नाच्या नोंदणीत तो शब्द इंग्लंडमध्ये 2005 पर्यंत लिहीत होते. बाई काय काम करते ते पुसलं गेलं, तिचं लग्न झालं की नाही एवढंच राहिलं.

आणि लग्न झालं की? तिचं आडनाव जायचं, नवऱ्याचं लागायचं. तिची कमाईही कायद्यानं नवऱ्याची. तिच्या मजुरीवर तिचा हक्क 1870 च्या कायद्यानं मानला, आणि मालमत्तेवरचा पूर्ण हक्क 1882 च्या कायद्यानं. तोपर्यंत वेबस्टर घरची लेक कितीही सुंदर विणो, पैसा तिचा नव्हता आणि नावही तिच्याबरोबर पुढे जात नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे सुईण हे अस्सल बाईचं काम. पण सुईण असं आडनाव आमच्या ऐकण्यात नाही. तुमच्या ऐकण्यात असेल तर जरूर कळवा. एक बदल मात्र झालाय. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लिहायचं, असं सरकारनं ठरवलंय. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. आपल्या नातवंडांच्या दाखल्यावर ते तसं लिहिलंय का, एकदा बघा.

आणि दुसरं बघा आपल्या धंद्याचं. पापड, मसाला, शेवया घरात चार किलो होतात तोवर सगळे म्हणतात, "बायकांचं काम आहे." चारशे किलोची ऑर्डर आली, यंत्र आलं, कर्ज आलं, की कागदावर सही कुणाची होते? आमच्याच भागातल्या एका गटात मसाला कांडला बायकांनी, आणि अन्न परवाना निघाला एका ताईंच्या दिरांच्या नावानं. "बाईमाणसाला हेलपाटे नकोत," असं म्हणून. माया होती त्यात, खोटं नाही. पण पुढच्या वर्षी ऑर्डर दिरांना आली, गटाला नाही. तो परवाना गटाच्या नावावर करून घ्यायला आम्हाला आठ महिने लागले.

म्हणून पुढच्या बैठकीत चहाच्या आधी एक काम करू. परवाना, बँकेचं पासबुक, यंत्राची पावती आणि पाकिटावरचं लेबल, हे सगळं चटईवर मांडू, आणि मोठ्यानं वाचू, त्यावर कुणाचं नाव आहे ते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारणीला विचारायचं, लाजायचं नाही.

त्या आजी शेवटी काय म्हणाल्या सांगतो आणि थांबतो. त्यांनी शब्दकोशावरून हात फिरवला आणि मुलीला म्हणाल्या, "विणकरणीचं पुस्तक आहे हे. नीट सांभाळ."