नोत्र दामचा आगंतुक मनोरा

व्हिडिओ गेममधील इतिहास कितपत अस्सल, हा प्रश्न बहुधा चुका मोजून निकालात काढला जातो. एखादी चूक का झाली, हे विचारल्यास अधिक काही हाती लागते.

युबिसॉफ्टच्या २०१४ मधील ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिस उभे केले आहे. त्यातील नोत्र दाम कॅथेड्रलच्या छपरावर एक निमुळता मनोरा दिसतो. वास्तविक, तेथील मध्ययुगीन मनोरा जीर्ण झाल्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवण्यात आला होता. गेममधला मनोरा त्यानंतरचा. व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार तो १८५९ मध्ये पूर्ण झाला. हा उघड कालविपर्यास आहे. पण त्या मनोऱ्याविना आजच्या खेळाडूला नोत्र दाम ओळखीचे वाटले असते का?

१५ एप्रिल २०१९ रोजी तोच मनोरा आगीत कोसळला. पुनर्बांधणीत पॅरिसने एकोणिसाव्या शतकातलेच रूप पुन्हा उभारले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रलची दारे उघडली. म्हणजे सामूहिक स्मृतीचा कौल दोन्हीकडे एकच पडला.

तरीही एक फरक उरतो. पुनर्बांधणी आपला काळ लपवत नाही. गेम तो लपवतो. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी ज्या वास्तूला ‘विवेकाचे मंदिर’ केले, तिच्या छपरावरील रितेपण हाही इतिहासच होता. गेममध्ये नेमके तेच हरवले. खऱ्या रसिकाने मनोऱ्याचे सौंदर्य अवश्य पाहावे. मात्र त्यामागचे रिते आकाशही विसरू नये.